क्विंटल : अर्थ आणि अध्यापन



‘शंभर किलोग्रॅम म्हणजे एक क्विंटल’ हे कोष्टक आपल्या शाळांतील विद्यार्थी सहसा अचूक म्हणतो. परंतु बाजार समितीतील तोलाची पावती पुढे ठेवली, की तोच विद्यार्थी अडखळतो. सोयाबीन, तूर, कांदा यांचे भाव क्विंटलवरच निघतात. शासनाची किमान आधारभूत किंमतही क्विंटललाच जाहीर होते. तेव्हा हे अडखळणे उपेक्षणीय नव्हे.

प्रथम शब्दाविषयी. शंभराचा वाचक असा लॅटिन शब्द अरबीत ‘किन्तार’ झाला व तेथून पुन्हा युरोपात गेला. नावातच शंभर दडलेले आहेत, हे मुलांना अवश्य सांगावे.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्यान्वये ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने प्रचारात आली. तत्पूर्वीचा चाळीस शेरांचा सरकारी मण सुमारे ३७.३२ किलोग्रॅमचा होता. खंडी तर मुलखागणिक व मालागणिक बदलत असे. घरातील वडीलधारी माणसे आजही मणाची भाषा बोलतात. ‘कोणता मण?’ असे त्यांना नम्रपणे विचारण्यास मुलांना शिकवावे. क्विंटलच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही.

खरी अडचण दशांशचिन्हाची आहे. आठ क्विंटल पाच किलो हे वजन कित्येक मुले ८.५ असे लिहितात. वास्तविक ते ८.०५ होय, ८.५ म्हणजे आठ क्विंटल पन्नास किलो. क्विंटलला ४,००० रुपये भाव धरला, तर पहिल्याचे ३२,२०० व दुसऱ्याचे ३४,००० रुपये होतात. एका शून्यापायी अठराशे रुपयांचे अंतर! माल साडेआठ क्विंटल भरला आणि पावतीवर ८.०५ पडले, तर ते ओळखणारे घरात बहुधा आपला विद्यार्थीच असतो.

यास उपाय सोपा आहे. आठ रुपये पाच पैसे ८.०५ असे लिहितात, हे मुलांस ठाऊक असते. रुपयाच्या जागी क्विंटल व पैशाच्या जागी किलो ठेवावा. शंभराचे नाते तेच राहते. वजनाची कल्पना यावी म्हणून पन्नास किलोची सिमेंटची गोणी दाखवावी. अशा दोन गोण्या म्हणजे एक क्विंटल.

पुढे घरच्या जुन्या पावत्या वर्गात आणवाव्यात. मात्र पावतीवर घरची मिळकत उघडी पडते आणि मुले एकमेकांशी तुलना करू लागतात. म्हणून नाव व एकूण रक्कम झाकून केवळ तोल व भाव फळ्यावर घ्यावा, आणि रक्कम मुलांकडून काढवून घ्यावी.