कानामागची वीज आणि पायाखालची जमीन



पार्किन्सन म्हटलं की डोळ्यांपुढे थरथरणारा हात येतो. पण ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना विचारा. त्यांची झोप उडते ती रात्री बाथरूमला उठलेले बाबा पडतील या धास्तीनं. वळताना पाय जमिनीला चिकटतात, धड पुढे जातं आणि सावरण्यासाठी आपसूक पडायला हवं ते पाऊल पडतच नाही. मनगट मोडतं, खुबा मोडतो. काहीजण तर भीतीनं चालणंच सोडून देतात, आणि मग पायांत उरलंसुरलं बळही जातं. आज मी या तोलाबद्दलच बोलणार आहे. शस्त्रक्रिया न करता, बाहेरून दिलेल्या सौम्य विजेनं तो सावरता येईल का, हा प्रश्न सध्या जगभर गांभीर्यानं विचारला जातो आहे.

लेव्होडोपा हे औषध १९६० च्या दशकात आलं आणि खिळून बसलेली माणसं उठून चालू लागली. मेंदूत डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात, गोळी ती उणीव भरून काढते. हालचालींतली मंदता आणि ताठरपणा त्यानं कमी होतो. तोल मात्र या गोळीला पुरेशी दाद देत नाही. तो एकट्या डोपामिनवर उभा नसतो. मेंदूच्या देठातल्या, ॲसिटिलकोलीनवर चालणाऱ्या पेशीही या आजारात झिजतात. डोळे, तळपाय आणि कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय यांच्याकडून येणाऱ्या बातम्यांची जुळणी बिघडते. हेन आणि यार या डॉक्टरांनी १९६७ साली आजाराच्या पायऱ्या ठरवल्या, तेव्हा तिसरी पायरी तोल जाऊ लागण्याची ठेवली. डॉक्टर मागे उभे राहून रुग्णाचे खांदे झटकन मागे ओढतात, ती याचीच तपासणी.

बाहेरून काही करून पाहण्याची कल्पना जुनी आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले शार्को हे त्या काळचे सर्वांत मोठे मेंदूविकारतज्ज्ञ. आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास करून आलेले रुग्ण ‘बरं वाटतंय’ म्हणतात, हे त्यांनी ध्यानात घेतलं. मग विजेवर हादरणारी खुर्ची करवून घेतली आणि १८९२ साली त्याबद्दल व्याख्यान दिलं. पुढच्याच वर्षी ते वारले आणि खुर्ची विस्मृतीत गेली.

या खुर्चीची खरी परीक्षा झाली ती तब्बल १२० वर्षांनी. शिकागोत ख्रिस्तोफर गोट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली आपले निष्कर्ष छापले. काही रुग्णांना हादरणाऱ्या खुर्चीत बसवलं, काहींना न हादरणाऱ्या खुर्चीत नुसते सुखद आवाज ऐकवले. दोन्ही गटांच्या हालचाली सुधारल्या, आणि जवळजवळ सारख्याच. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. शार्कोंनी पाहिलेली सुधारणा खरी होती. ती खुर्चीच्या हादऱ्यांमुळे नव्हती, इतकंच.

आता कानामागच्या विजेकडे येऊ. दोन्ही कानांमागच्या हाडांवर चिकटपट्टीसारखे इलेक्ट्रोड लावतात आणि जेमतेम एखाद्या मिलिॲम्पियरचा, पुष्कळदा त्याहूनही कमी प्रवाह सोडतात. तो तोलाच्या नसेपर्यंत पोहोचतो. प्रवाह स्थिर ठेवला तर माणूस एका बाजूला झुकतो. म्हणून उपचारासाठी स्थिर प्रवाहाऐवजी अनियमित, खरखर म्हणावा असा प्रवाह वापरतात, आणि तोही रुग्णाला जाणवणार नाही इतका हलका.

खरखरीनं तोल कसा सुधारेल? जत्रेत मोठ्यांच्या मागे उभं असलेलं लहान मूल आठवा. पालखी त्याच्या नजरेच्या टप्प्यात येत नाही. पण ते टाचा उचलत, खाली टेकवत राहिलं, की मधूनमधून पालखी दिसते. क्षीण संदेशात थोडी खरखर मिसळली तर तोही असाच कधीकधी उंबरठा ओलांडतो. खरखर फार झाली तर मात्र काहीच कळत नाही, त्यामुळे मात्रा प्रत्येकाची वेगळी ठरवावी लागते. जपानमध्ये योशिहारू यामामोटो यांच्या गटानं २००५ साली पार्किन्सनच्या रुग्णांवर असा प्रवाह वापरला आणि हालचालींत फरक पाहिला. सिडनीतल्या संशोधकांनी २००९ साली रुग्णांचं उभ्या जागी डोलणं मोजलं. ते कमी झालं, पण थोडंच. त्यांनी लेखाच्या शीर्षकातच ते सांगून टाकलं, या सचोटीबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

बाहेरून उपचाराची आणखी एक वाट चुंबकाची. कवटीवर चुंबकीय लहरी देण्याचं तंत्र १९८५ साली शेफिल्डमध्ये आलं. त्यानं मंदता काहीशी कमी होते, तोलाबाबतचा पुरावा तोकडा आहे.

इथे एका गोष्टीवर मी अडून बसणार आहे. व्हँकूव्हरच्या संशोधकांनी २००१ साली दाखवलं, की औषध मिळालं या समजुतीनंच पार्किन्सनच्या रुग्णाच्या मेंदूत डोपामिन स्रवतं. कॅनडातच २००६ साली खोट्या चुंबकीय उपचारानंतरही तेच दिसलं. म्हणजे या आजारात आशा स्वतःच एक रसायन आहे. म्हणूनच चालू यंत्र आणि बंद यंत्र यांची तुलना रुग्णाला व तपासणाऱ्याला न कळता झाली नसेल, तर ‘आमच्या यंत्रानं पेशंट चालू लागले’ या वाक्याला मी पुरावा मानत नाही. आतापर्यंतचे बहुतेक प्रयोग लहान आहेत आणि काही मिनिटांच्या उभं राहण्यावर बेतलेले आहेत. प्रयोगशाळेतल्या पाटावर कमी डोलणं म्हणजे घरातल्या ओट्याशी न पडणं नव्हे. महिनोन्महिने रुग्ण किती वेळा पडले, हे मोजणारे मोठे प्रयोग हवेत. तोवर हजारो रुपये मागून कुणी असं यंत्र घरी आणून देत असेल, तर कृपा करून पैसे देऊ नका. शरीरात पेसमेकर किंवा मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेला असेल त्यांनी तर या वाटेला स्वतःहून जाऊच नये.

एखाद्या संस्थेत नीट परवानगी घेऊन प्रयोग चालू असेल तर जरूर सहभागी व्हा. तुमच्याशिवाय उत्तर मिळणार नाही.

आणि आज हातात काय आहे? ओरेगॉनमध्ये १९५ रुग्णांवर झालेला प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई ची हा संथ चिनी व्यायाम शिकलेले रुग्ण नुसतं अंग ताणणाऱ्यांपेक्षा कमी वेळा पडले. पुण्यात पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालतात, तेही पाहून या. वळताना जागेवर गिरकी घेऊ नका, चार पावलांचा मोठा वळसा घ्या. पाय चिकटला तर ‘एक, दोन’ म्हणत लयीत पहिलं पाऊल उचला. आणि पुढच्या तपासणीला रक्तदाब झोपून व उभं राहून असा दोनदा मोजायला सांगा. उभं राहताच तो खाली जात असेल, तर पडण्याचं एक कारण तिथेच सापडतं, आणि त्यावर उपाय करता येतो.