पुस्तकाची वार्ता मुलांच्या दारी

(नंदुरबार जिल्ह्यातील शिक्षक, ग्रंथालय कार्यकर्ते व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुरत-भुसावळ लोहमार्गावर नंदुरबारहून पूर्वेकडे निघालेली गाडी दोंडाईचा मागे टाकून अमळनेरला पोहोचते आणि तेथून थोड्याच वेळात धरणगावला. मराठी बालवाङ्मयाच्या इतिहासात ही दोन्ही स्थानके मानाची आहेत. धरणगाव हे वासुदेव गोविंद आपटे यांचे जन्मस्थान. १८७१ साली जन्मलेल्या आपट्यांनी पुढे शब्दकोश रचला, म्हणी आणि संप्रदाय संग्रहित केले. परंतु मराठी घराघरांत त्यांचे नाव राहिले ते १९०६ साली सुरू केलेल्या 'आनंद' मासिकामुळे. अमळनेर ही साने गुरुजींची कर्मभूमी. नंदुरबार त्याच रुळांवर आहे. मग त्या परंपरेचा वारसा नंदुरबारच्या मुलांपर्यंत किती पोहोचला, हा प्रश्न आजच्या विषयाच्या मुळाशी आहे.

बालसाहित्यिक पुस्तक लिहितो, प्रकाशक ते छापतो, आणि येथे आपले काम संपले असे दोघांनाही वाटते. वास्तविक खरे काम येथून सुरू होते. एखादे उत्तम पुस्तक निघाले आहे ही वार्ताच मुलाच्या कानी पडली नाही, तर त्या मुलापुरते ते पुस्तक लिहिलेच गेले नाही असे म्हणावे लागेल. म्हणून मुलांसाठी लिहिणाऱ्याने ग्रंथवार्ताहरही झाले पाहिजे. मराठीतील थोर बालसाहित्यिकांनी हे ओळखले होते. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' सुरू केले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत ते चालविले. एका पुस्तकाने मुलाची वाचनाची भूक भागत नाही, ती दरमहा जागवावी लागते, ही जाण या मासिकांच्या मुळाशी होती.

साने गुरुजींचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३० साली स्वातंत्र्यलढ्यात उडी घेण्यासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. या सहा वर्षांत छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. गावोगावची मुले घर सोडून तेथे शिकायला राहिलेली. त्यांच्यासाठी गुरुजींनी 'छात्रालय दैनिक' काढले. त्याला छापखाना नव्हता, वर्गणी नव्हती, जाहिरात नव्हती. एक शिक्षक स्वतःच्या हाताने रोज मजकूर लिहीत असे आणि मुले तो वाचत असत. देशातील घडामोडी, थोरांची चरित्रे, विचार करायला लावणारा मजकूर असे सारे त्या हस्तलिखितातून मुलांपुढे येई. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले. 'श्यामची आई' हे पुस्तक त्यानंतरचे आहे; नाशिकच्या कारागृहात १९३३ च्या फेब्रुवारीत ते लिहिले गेले. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. महाराष्ट्राच्या मनात घर करणारा लेखक होण्यापूर्वी गुरुजी मुलांचे वार्ताहर झाले होते. मुलाला काय सांगितले की त्याचे डोळे चमकतात, हे त्यांना त्या दैनंदिन लेखनातून उमगले असेल, असे मानायला जागा आहे.

गुरुजींचे हे वार्ताहरपण पुढे आणखी एका थोर कार्यास उपयोगी पडले. १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती शब्दशः टिपून घेण्याचे काम गुरुजींनी केले. धुळे हे त्या काळच्या पश्चिम खान्देश जिल्ह्याचे मुख्य ठिकाण, आणि नंदुरबार त्याच जिल्ह्यात होते. दुसऱ्याची मौलिक वाणी जपून लोकांपर्यंत नेणे हे स्वतंत्र ग्रंथरचनेइतकेच मोठे काम आहे, हा धडा या भूमीत असा गिरविला गेला आहे.

आता आजच्या नंदुरबारकडे वळू. १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती. राज्याची ८२ टक्क्यांच्या वर. सर्व जिल्ह्यांत हा आकडा सर्वात कमी होता. या आकड्यामागे जी घरे आहेत, त्यांपैकी अनेक घरांत शाळेत जाणारी ही पहिलीच पिढी आहे. घरात भिली, पावरी, मावची, गुजरी किंवा अहिराणी बोलली जाते. पाठ्यपुस्तकातील मराठी मुलाला प्रथम भेटते ती शाळेच्या दारात, आणि बहुधा परीक्षेची भाषा म्हणूनच. तिसरी-चौथीपर्यंत कष्टाने कमावलेली अक्षरे वाचायला काही न मिळाल्यास पुसट होऊ लागतात. शेतातून विहीर खणावी, पाणी लागावे आणि पोहऱ्याअभावी पीक वाळावे, तसाच हा प्रकार. गोष्टीचे पुस्तक हा तो पोहरा आहे, आणि पुस्तकाची वार्ता ही त्याची दोरी.

या संदर्भात सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी उद्ध्वस्त झाला होता. अन्न, वस्त्र, निवारा यांची भ्रांत असताना येला लेपमान या विदुषीने निरनिराळ्या देशांना पत्रे लिहून मुलांची पुस्तके मागविली आणि १९४६ साली म्युनिकमध्ये त्यांचे प्रदर्शन भरविले. त्यातून १९४९ साली मुलांचे आंतरराष्ट्रीय ग्रंथालय उभे राहिले. हान्स अँडरसन यांचा जन्मदिवस, २ एप्रिल, हा आज जगभर बालपुस्तक दिन म्हणून साजरा होतो, तो याच चळवळीचे फळ. साधने जुळून आल्यावर वाचनाकडे पाहू, असे त्या बाई म्हणाल्या असत्या तर एका पिढीचे बालपण हातचे गेले असते.

आपल्याकडे साहित्याच्या घडामोडींना तोटा नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९५२ साली अमळनेरला झाले होते. बहात्तर वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, ते पुन्हा तेथे भरले. साहित्य अकादमीचा २०२० चा मराठी बालसाहित्य पुरस्कार खान्देशातील आबा गोविंदा महाजन यांच्या 'आबाची गोष्ट' या पुस्तकास मिळाला. आपल्याच मुलुखातल्या लेखकाने देशपातळीवरचा सन्मान मिळविला, ही वार्ता धडगावच्या आश्रमशाळेतील किती मुलांना कोणी सांगितली? संमेलनाच्या बातम्या मोठ्यांनी वाचल्या, मोठ्यांनीच त्यांवर वाद घातले. साहित्यिक कार्यक्रमांच्या अनेक वृत्तांतांत प्रमुख पाहुणे, स्वागताध्यक्ष आणि आभारप्रदर्शक यांची नावे क्रमाने येतात. पुस्तकात काय आहे ते मात्र शेवटपर्यंत कळत नाही. अशी वार्ता मुलांच्या काय उपयोगाची?

मुलांसाठीच्या ग्रंथवार्तेला पाच गोष्टी पुरेशा आहेत. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, ते कशाविषयी आहे हे सांगणारी दोन वाक्ये, ते कोठे मिळेल, आणि आपल्यापैकी ते कोणी वाचले. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. पाचवीतल्या मुलीने वाचलेले पुस्तक चौथीतला मुलगा हट्टाने मागतो. वर्गातील फळ्याचा एक कोपरा किंवा भिंतीवरचा एक हस्तलिखित कागद एवढे साधन बस आहे. दर सोमवारी तो बदलावा. वार्ता मराठीत लिहावी आणि मुलाच्या घरच्या बोलीत समजावून सांगावी. बोलीला हिणवून मराठी रुजत नाही, बोलीचे बोट धरून ती सहज येते. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर व भ्रमणध्वनीवर विनामूल्य वाचता येतात. गावात एकाकडे जरी तशी सोय असली तरी पन्नास वर्षांचा खजिना त्या गावास खुला होतो.

प्रसंगांचीही उणीव नाही. मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरते, दूरदूरचे घोडे विक्रीस येतात, सहकुटुंब लोक जमतात. तेथे खेळण्यांच्या दुकानांशेजारी मुलांच्या पुस्तकांचा एक गाळा सहज शोभेल. ९ सप्टेंबर हा शिरीषकुमार आणि त्याच्या चार सोबत्यांचा हौतात्म्यदिन. १९४२ साली नंदुरबारच्या रस्त्यावर तिरंगा घेऊन निघालेल्या या मुलांनी गोळ्या झेलल्या. त्या दिवशी पुष्पहार अर्पण होतातच. त्याच दिवशी प्रत्येक शाळेत त्यांची कथा मुलांनी वाचावी, लिहावी आणि दुसऱ्या शाळेला पाठवावी. सातपुड्याच्या पाड्यांवर आजी-आजोबांच्या तोंडी देवमोगरा मातेच्या कथा आहेत, डोंगर-नद्यांच्या कथा आहेत. मुलांनी त्या ऐकून वहीत उतरवल्या तर ती वही हेच त्या शाळेचे पहिले पुस्तक ठरेल, आणि त्याची वार्ता भिंतीवर सर्वांत वर लागेल. वनवासी मूल तेव्हा केवळ वाचक राहणार नाही, ते लेखक होईल.

यात लेखकांचे कर्तव्यही आहे. केवळ स्वतःच्या पुस्तकाची वार्ता सांगणारा लेखक विक्रेता ठरतो. दुसऱ्याच्या चांगल्या पुस्तकाची वार्ता सांगणारा मुलांचा मित्र ठरतो. जिल्ह्यातील प्रत्येक लिहित्या व्यक्तीने महिन्यातून एकदा एका शाळेत जावे, सोबत इतरांची पाच पुस्तके न्यावीत, त्यांतील एक गोष्ट वाचावी आणि ती रंगात आली की थांबावे. पुढे काय झाले हे जाणण्यासाठी मूल पुस्तकाकडे धाव घेईल. पालकांनीही वाढदिवसाच्या खर्चातून एक पुस्तक शाळेच्या पेटीत घालावे आणि ते कुलूपबंद राहत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे.

अमळनेरच्या छात्रालयात एका शिक्षकाजवळ कागद, शाई आणि मुलांविषयीची माया एवढेच भांडवल होते. तेवढे भांडवल आज नंदुरबारच्या प्रत्येक गावात आहे. येत्या सोमवारी जिल्ह्यातील किती भिंतींवर पहिली ग्रंथवार्ता झळकते, यावरूनच आजच्या या एकत्र येण्याचे मोल ठरेल.