रक्तदानास पात्र कोण?



ऊसतोडीवरून माणसे गावी परतण्याचे हे दिवस. कुलपे नुकती उघडलेली, घरे अजून सारवायची राहिलेली, तरी सोनपेठच्या या मंडपात आज भगिनींची एवढी उपस्थिती आहे याचा आम्हांस मनापासून आनंद वाटतो. विषयही त्यांच्याकडे तोंड करूनच मांडावा असा आमचा विचार आहे. बंधूंनी गैरसमज करून घेऊ नये. त्यांच्या वाट्याचेही थोडे आहेच.

मागे एका रक्तदान शिबिरात नावे लिहून घेण्याचे काम आमच्याकडे होते. ओळीत सात स्त्रिया होत्या. तपासनीस प्रत्येकीच्या बोटातून रक्ताचा थेंब घेई आणि मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडी. थेंब पंधरा सेकंदांच्या आत बुडाला तर हिमोग्लोबीन पुरेसे. तरंगत राहिला तर अपुरे. किती साधी परीक्षा! सातांपैकी पाचजणींचे थेंब तरंगले. त्यांतली एक तरुण सून पदर सावरीत मागे फिरली, तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या, "झाली बघा नापास!" मंडळी हसली. आम्हीही हसलो, आणि तिच्या नावावर आडवी रेघ मारून मोकळे झालो. ती रेघ पुढे बरेच दिवस आम्हांस सलत राहिली.

नियम काय आहेत ते आधी सांगून टाकतो. वय १८ ते ६५. मात्र पहिल्यानेच रक्त देणारा ६० च्या पुढचा नसावा. वजन ४५ किलो असेल तर ३५० मिलिलिटर घेतात. ४५० घ्यावयाचे तर ५५ किलो हवे. हिमोग्लोबीन १२.५ ग्रॅम, स्त्रीला आणि पुरुषाला एकच. एकदा दिल्यावर पुरुषाने ९० दिवस थांबावयाचे, स्त्रीने १२०. पाळीचे दिवस, गरोदरपण, बाळंतपणानंतरचे बारा महिने आणि अंगावर पाजण्याचा सर्व काळ स्त्रीने रक्त द्यावयाचे नाही. गर्भपात झाला असल्यास सहा महिने थांबावयाचे. आजार, औषधे यांविषयीच्या बाकीच्या अटी दोघांना सारख्याच.

आता या आकड्यांत एक गंमत आहे. स्त्रीचे हिमोग्लोबीन १२ च्या खाली गेले तर वैद्यकशास्त्र त्याला पांडुरोग म्हणते. पुरुषाच्या बाबतीत ही मर्यादा १३ आहे. म्हणजे १२.३ असलेली स्त्री निरोगी असूनही परत पाठविली जाते, आणि १२.७ असलेला पुरुष पांडुरोगी असूनही खाटेवर आडवा होऊन, बिस्कीट खाऊन, छातीवर बिल्ला लावून घरी येतो. नापास कोण, हे आपणच ठरवावे. रेघ कोठेतरी ओढावी लागते हे आम्हांस मान्य आहे. पण ती रक्त देण्याची रेघ आहे, माणसाची लायकी मोजण्याची नव्हे.

मग ९० आणि १२० हा भेद कशासाठी? स्त्री नाजूक म्हणून, असे पुष्कळांना वाटते. खरे कारण लोहाचे आहे. ३५० मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे दीडशे मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. रक्तातले पाणी एकदोन दिवसांत भरून निघते, तांबड्या पेशी काही आठवड्यांत तयार होतात, लोहाला मात्र महिने लागतात. पुरुषाच्या शरीरात हजार मिलिग्रॅमच्या आसपास लोह शिलकीत असते. स्त्रीपाशी पुष्कळदा तीनशेच. त्यातून दर महिन्याची पाळी आणि प्रत्येक बाळंतपण आपापला वाटा उचलीत असते. ज्याच्या कणगीत धान्य कमी त्याला पुढल्या सुगीपर्यंत जास्त थांबावे लागते, इतकाच याचा अर्थ.

कणगी रिकामी का, हा प्रश्न मात्र शिबिरात कोणी विचारीत नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांत ५७ जणी पांडुरोगी आढळल्या, पुरुषांत २५. आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रिया त्यात आहेत. पहाटे फडावर कोयता चालवावयाचा, मोळी डोक्यावर वाहावयाची, खोपीत येऊन चूल पेटवावयाची, आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेली भाकर चहात बुडवून खावयाची! तो चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, हे तिला कोणी सांगितलेले नसते. अंबाडीची किंवा चवळीची भाजी आणि वर लिंबू पिळलेले, एवढे जरी तिच्या ताटात पडले तरी पुष्कळ झाले. पण भाजी तिच्यापर्यंत पोहोचेतो पातेले पुसलेले असते.

आणि रक्ताची गरज कोणाला पडते? बाळंतपणातला रक्तस्राव हे मातामृत्यूचे मोठे कारण आहे. रक्ताची पिशवी साधारण पस्तीस ते बेचाळीस दिवसच टिकते, आणि उन्हाळ्यात कॉलेजे बंद झाली की शिबिरे थांबून रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. अडलेली बाळंतीण परभणीला किंवा अंबाजोगाईला न्यावी लागते, तेव्हा रक्त द्यायला पुढे कोण येतो? धडधाकट दीर "मला अशक्तपणा येईल" म्हणून दाराबाहेर विडी ओढीत उभा असतो. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पुरुषांच्या वाट्याचे म्हणालो होतो ते हेच.

स्त्रियांनी या कामात पडू नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. मुंबईत १९५४ पासून स्वेच्छा रक्तदानाची चळवळ उभी करणाऱ्या लीला मुळगावकर स्त्रीच होत्या. १९६३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि आपल्याकडे एक मोठा साठा कोणाच्या ध्यानातच येत नाही. पाळी थांबलेल्या, पन्नास ते साठ वयाच्या बायका! वजन आणि थेंब ठीक असेल तर त्यांना पहिल्यांदा रक्त देण्यासही कसलीच आडकाठी नाही.

त्या दिवशीच्या सासूबाई पंचावन्नच्या असतील. "माझं म्हातारीचं आता काय घेता?" असे म्हणून त्या सुनेपाठोपाठ निघून गेल्या. आम्ही त्यांना थांबविले नाही, कारण नियम तेव्हा आम्हांलाच धड ठाऊक नव्हता.

आता आम्ही दोन वह्या ठेवतो. दुसऱ्या वहीत परत गेलेल्या स्त्रियांची नावे आणि आकडे असतात. प्रत्येकीच्या हाती आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी देतो. तेथे लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. तीन महिन्यांनी पुन्हा थेंब तपासावयाचा. व्याख्यान संपल्यावर ही वही आम्ही पेटीच्या टेबलाजवळ ठेवीत आहोत. सासवांनी सुनांची नावे सांगावीत, आणि सुनांनी सासवांची.