चेहऱ्यात भरावयाची द्रव्ये : त्यांची सरमिसळ आणि आपली लपवाछपवी

(मानवत येथे भरलेल्या वार्षिक ज्ञातिमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, प्राथमिक शाळेत जन्म घालविलेला मनुष्य. वैद्यकाचा अधिकार मला नाही. तरीही आजचा विषय मी हट्टाने मागून घेतला. कारण तो आमच्या घरात घडला आहे, आणि त्यातील मोठा दोष आम्हां वडीलधाऱ्यांकडे येतो.

माझ्या धाकट्या बंधूच्या मुलीच्या गालावर लहानपणीच्या गळवाचा एक खड्डा होता. मुलगी पदवीधर, नोकरी करणारी. पण तीन ठिकाणांहून नकार आला, आणि तिन्ही वेळा कानावर आले ते त्या खड्ड्याचेच. पुढे तिने एका शहरात सुईने गालात ‘फिलर’ भरून घेतले. वर्षभराने लग्न ठरत आले, तेव्हा दुसऱ्या शहरात दुसऱ्याच ठिकाणी पुन्हा भरून घेतले. जाताना घरच्यांनी, आणि त्यांत मीही होतो, तिला बजावले, “पहिल्याची वाच्यता करू नकोस.” तिने केली नाही. तिथेही कोणी खोदून विचारले नाही. महिन्याभरात गाल लाल झाला, आणि आत सुपारीएवढी गाठ धरली.

आता हे द्रव्य म्हणजे काय, ते सांगतो. फिलर हे एका वस्तूचे नाव नव्हे. ‘खत’ म्हटल्याने जसे शेणखत की युरिया हे कळत नाही, तसेच हे. अधिक वापरात असलेला प्रकार हायलुरॉनिक आम्लाचा. हे द्रव्य आपल्या त्वचेत, सांध्यांत व डोळ्यांत निसर्गतःच असते. 1934 साली अमेरिकेत कार्ल मेयर व जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातून प्रथम वेगळे काढले. याचा गुण असा की ते काही महिन्यांत, कधी वर्ष-दीड वर्षात वा त्याहून उशिरा, जिरते. आणि काही बिघडलेच तर हायलुरॉनिडेज नावाचे विकर टोचून ते विरघळविता येते.

दुसरा प्रकार कॅल्शियमच्या सूक्ष्म गोळ्यांचा. हाडांत व दातांत जे खनिज असते त्याच जातीचा. तिसरा पॉलिलॅक्टिक आम्लाचा. शस्त्रक्रियेतील आपोआप विरघळणारे टाके ज्या कुळातील, त्याच कुळातील. तो जागा भरीत नाही, तर शरीराला हळूहळू स्वतःचे तंतू निर्माण करावयास लावतो. एच.आय.व्ही.च्या रुग्णांचे गाल खोल जात, त्यांच्यासाठी अमेरिकेत त्याला 2004 साली मान्यता मिळाली. हे दोन्ही कालांतराने जिरतात. पण त्यांना विरघळविणारे खात्रीचे औषध नाही. चौथा प्रकार कायमचा. दातांची कवळी ज्या ॲक्रिलिकची करतात, त्याच्याच सूक्ष्म गोळ्या यात असतात. त्या जन्मभर जिरत नाहीत. पातळ सिलिकॉनही टोचणारे काही आहेत. त्याच्या वाटेस न जाणे बरे.

मग दोन प्रकार एकाच चेहऱ्यात वापरू नयेत काय? तसे नाही. कुशल त्वचारोगतज्ज्ञ वा प्लास्टिक सर्जन विचारपूर्वक दोन प्रकार वापरतात : एक खोल, हाडालगत, दुसरा वर, त्वचेजवळ, बहुधा मध्ये काही काळ जाऊ देऊन. जिरणाऱ्या द्रव्यांचा असा मेळ अनेकांना मानवलाही आहे. धोका मेळात जितका आहे, त्याहून अधिक अज्ञानात आहे. आधीचे द्रव्य कोणते, किती, कोणत्या थरात, हे माहीत नसता त्याच जागी दुसरे टोचले, की पुढे गाठ आली तर ती कोणामुळे हे कळत नाही. विकर दिले तर एक विरघळते, दुसरे तसेच राहते. सुईबरोबर जंतू आत गेले, तर जुन्या द्रव्याभोवती ते घर करून बसतात आणि औषधांना सहजी दाद देत नाहीत. तळाशी कायमचे द्रव्य असेल, तर ही चिंता अधिकच.

हे आपणां कपाशीवाल्यांस समजावयास कठीण नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेव्हा दोन-तीन औषधे एकाच टाकीत कालवून मारण्याची रीतही चर्चेला आली. रोगी दवाखान्यात नेला, की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो : कोणते औषध मारले? डबा बरोबर आणला असेल, तर उपचारास दिशा मिळते. आमच्या मुलीच्या बाबतीत तिसऱ्या डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारला, आणि आमच्याजवळ डबाही नव्हता, कागदही नव्हता. सोनोग्राफी करून आत दोन वेगवेगळी द्रव्ये असल्याचा अंदाज त्यांनी बांधला. एक विरघळले, दुसऱ्यासाठी आठ महिने औषधे चालली. थोडा कठीणपणा अजून हाताला लागतो.

पूर्वीचाही एक दाखला सांगतो. कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या कैदेत नाक गमावून बसला होता. पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिले, आणि 1794 साली लंडनच्या मासिकात त्याची हकीकत छापून आली. त्या कारागिराने मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून माप घेतले, तो कपाळावर ठेवून रेघ आखली, आणि मेण बाजूस काढले. पुढे 1899 च्या सुमारास व्हिएन्नाच्या गेरसुनी नामक सर्जनाने पॅराफिन मेण टोचून शरीरातील उणीव भरून काढण्याची रीत काढली. तिचा बोलबाला झाला. पण काही वर्षांनी ते मेण सरकू लागले, गाठी झाल्या, चेहरे विद्रूप झाले, आणि ती रीत टाकावी लागली. आत घातलेली वस्तू बाहेर काढणे किती अवघड, हे शास्त्राला तेव्हापासून ठाऊक आहे.

ज्यांस हे करावयाचेच असेल, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानी धराव्या. ब्यूटी पार्लरमध्ये सुई टोचून घेऊ नये. टोचणाऱ्याची पदवी विचारावी, विचारण्यात संकोच नको. द्रव्याचे नाव, प्रमाण, तारीख व जागा लिहून घ्यावी. बाटलीवरचे किंवा सुईच्या वेष्टनावरचे लेबल मागून वहीत चिकटवावे. पूर्वी काय काय टोचले, ते सारे सांगावे. दात किडून पू झाला असता वा अंगात संसर्ग असता थांबावे. टोचल्यावर कातडी पांढरीफटक किंवा निळसर जाळीदार दिसली, असह्य वेदना झाल्या, अथवा दृष्टी अंधुक झाली, तर द्रव्य रक्तवाहिनीत गेल्याची ती खूण होय. तिथे क्षणाचाही विलंब नको. अशाने दृष्टी कायमची गेल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. विकर देण्याची सोय जवळ आहे काय, हे आधीच विचारून ठेवावे.

असो. ही झाली वैद्यकाची बाजू. ती कोणीही सुज्ञ डॉक्टर माझ्याहून चांगली सांगेल. माझे खरे सांगणे निराळे आहे. गाठ उतरल्यावर एके दिवशी मी मुलीला विचारले, “बाळ, दुसऱ्या डॉक्टरांना तरी का नाही सांगितलेस?” ती म्हणाली, “काका, सुईची भीती मला नव्हती. कोणाला कळेल, याची होती. आणि ती तुम्हीच घातली होती.” त्यावर मजपाशी उत्तर नव्हते.

बंधुभगिनींनो, आपल्या वधूवर मेळाव्याचे अर्ज बारा वर्षे मी माझ्या हाताने भरून घेतले. त्यात ‘वर्ण व रूप’ असा एक रकाना आहे. मुलीच्या अर्जात तो रिकामा राहिला, तर मीच तिच्या पित्याला आठवण करून देत असे. मुलाच्या अर्जात रिकामा राहिला, तर मी कधी विचारले नाही. शाळेत पोरांना सत्य बोलावे म्हणून शिकविणारा मी, घरात मात्र वैद्यापासूनही सत्य लपवावयास शिकवून बसलो. त्या लपवाछपवीची पहिली सुई त्या रकान्यात होती.

आपल्या मुलीबाळींनी काही करून घ्यावे की नाही, तो त्यांचा प्रश्न आहे. व्रण बुजविण्यात पाप नाही. मात्र त्यांनी ते भीतीपोटी करू नये, आणि केले तर चोरून करू नये. म्हणून मी मंडळापुढे दोन विनंत्या ठेवतो. पुढील वर्षीच्या अर्जातून तो रकाना काढून टाकावा. आणि मेळाव्याच्या दिवशी एखाद्या त्वचारोगतज्ज्ञास बोलावून मुलींना, मुलांनाही, एकांतात शंका विचारण्याची सोय करावी.

पुतणीचे लग्न झाले. तिने सारी हकीकत होणाऱ्या पतीस स्वतः सांगितली, आम्हांस न विचारता. त्याने ऐकून घेतले आणि पुढच्या तपासणीस तिच्याबरोबर गेला. जे धैर्य आम्हां वडिलांना झाले नाही, ते त्या दोघांनी दाखविले. आपण निदान त्यांच्या वाटेतून बाजूस व्हावे, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.