बंदुकीवरची दुर्बीण



व्याख्यानमालेच्या चालकांना आम्ही हा विषय कळविला, तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी पडली. कामगार संघटनेच्या माणसाने बोनसवर, करारावर, कंत्राटी कामगारांवर बोलावे. बंदुकीवरच्या दुर्बिणीशी त्याचा काय संबंध? संबंध आहे. थळ, रोहे, पाताळगंगा, उरण या भागांत जो माणूस कारखान्यात यंत्रापाशी उभा असतो, तोच पाळी संपल्यावर शेतकरी होतो. आश्विनात भात पिवळे पडू लागले की एका रात्रीत रानडुकरांचा कळप येतो आणि चार महिन्यांची मेहनत लोळवून जातो. दुसऱ्या दिवशी तो कामगार डोळे तारवटून कामावर येतो. मग युनियनच्या कचेरीत पगारवाढीइतकीच डुकरांचीही चर्चा होते. अलीकडे त्या चर्चेत एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. ज्याच्या घरी परवान्याची रायफल आहे असा एखादा हळूच विचारतो, "साहेब, दुर्बीण बसवावी म्हणतो. कोणती घ्यावी?"

आमचे शिक्षण सातवीचे. प्रकाशशास्त्र आम्ही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, आणि भिंगांच्या व्यापाऱ्यांना प्रश्न विचारून विचारून. पण पगाराच्या पावतीवरचा प्रत्येक आकडा तपासून घ्यायची जी सवय चळवळीने लावली, ती येथे फार उपयोगी पडली. कारण दुर्बिणीचा व्यापार हा सगळा आकड्यांचा व्यापार आहे.

आधी कायद्याचे बोलून घेऊ. मुरुडजवळचे फणसाडचे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९८६ मध्ये त्याच रानाचे अभयारण्य झाले. ज्या झाडीत हाके घातले जात, तेथे आज लोक शेकरू पाहायला जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार संपविली, आणि ती संपली हे चांगलेच झाले. संस्थानिकांच्या शिकारीत हाक्याला कोण धावत होते, हे कुळांच्या नातवंडांना सांगायला नको. मात्र त्याच कायद्याच्या ११ व्या कलमात एक वाट ठेवली आहे. रानडुकरासारखे जनावर उभ्या पिकाला धोकादायक झाले, तर वनखात्याचा अधिकृत अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. लेखी, हा शब्द ध्यानात ठेवा. मेलेले जनावर सरकारजमा होते. त्याचे वाटे पडत नाहीत. शिवाय पिकाच्या नुकसानीची भरपाई मागण्याची सोय आहे, आणि पंचनामा वेळेत करून घेतला तर ती मिळते. आमचा पहिला सल्ला नेहमी पंचनाम्याचा असतो. बंदुकीची गोष्ट त्यानंतरची.

दुसरा प्रश्न बंदुकीच्या जातीचा. आपल्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बहुतेक घरांत ठासणीची बंदूक नाही तर बारा बोअरची छऱ्याची बंदूक असते. तिचा पल्ला चाळीस यार्डांच्या आसपास. तिच्यावर दुर्बीण म्हणजे बैलगाडीला आगगाडीची शिटी. दुर्बिणीचा विचार करायचा तो रायफलवाल्याने. आपल्याकडे सर्वसामान्य परवानाधारकाच्या हाती बहुधा इच्छापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ ची रायफल असते. जुन्या ली-एनफील्डच्या घाटणीची, मजबूत आणि जड. शंभर-दीडशे यार्डांपर्यंत तिचे काम चोख. एवढ्या अंतरासाठी आपण दुर्बीण निवडणार आहोत, हे सुरुवातीलाच मनाशी पक्के केले पाहिजे.

आता आकडे. दुर्बिणीवर ४×३२ किंवा ३-९×४० असे लिहिलेले असते. गुणाकाराच्या खुणेच्या डावीकडचा आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसेल तो. उजवीकडचा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. गिऱ्हाईक डावीकडचा आकडा पाहते, आणि दुकानदारालाही तेच हवे असते. "ही चार पटीची, ही बाराची, ही चोवीसची!" चोवीस ऐकले की चारवाली गरीब वाटू लागते. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी शहरातल्या एका दुकानातून चोवीस पटीची दुर्बीण आणली. माळ्यावर बसून पाहिले तर त्यांना डुकराऐवजी काळोख चोवीस पट मोठा दिसला. हा विनोद नाही, हा साधा भागाकार आहे.

भिंगाच्या व्यासाला पटीने भागा. येईल त्या उत्तराएवढ्या जाडीची प्रकाशाची शलाका दुर्बिणीतून डोळ्यात येते. ४×३२ मध्ये ८ मिलिमीटर. ४० च्या भिंगाला ९ पट लावली तर साडेचारच्या आत. ५० च्या भिंगाला २४ पट लावली तर जेमतेम २. आता आपल्या डोळ्याची बाहुली पाहा. तरुण माणसाची बाहुली अंधारात ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशी गाठलेल्या आमच्यासारख्यांची साधारण ५ पर्यंत. भर दुपारी ती बारीक होऊन दोन-तीनच राहते, म्हणून दुकानात दुपारी चोवीस पटीची दुर्बीण स्वच्छ दिसते आणि माणूस फसतो. डुक्कर दुपारी येत नाही. ते दिवेलागणीला येते, नाही तर पहाटे तांबडे फुटण्यापूर्वी. त्या वेळी पाच मिलिमीटर उघडलेल्या डोळ्यात दोनच मिलिमीटरची शलाका आली, तर डोळा उपाशी राहतो. आठ मिलिमीटरची आली, तर थोडा प्रकाश वाया जाईल, पण डोळ्याचे पोट भरेल. आमचा हिशेब एवढाच आहे: संध्याकाळच्या कामासाठी भागाकाराचे उत्तर पाचाच्या खाली जाऊ देऊ नका.

हे ज्ञान नवे नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या खलाशाला विचारा. बोटीवरची हातातली दुर्बीण पिढ्यान्‌पिढ्या ७×५० चीच का? भागून पाहा, सात येतात. रात्री बोया दिसला पाहिजे, डोळ्यापर्यंत उजेड पोचला पाहिजे, आणि डोलणाऱ्या डेकवर सातापेक्षा जास्त पट हातात स्थिर राहत नाही. आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेतल्या पट्टीच्या नेमबाजांच्या .३०३ रायफलीवर जी दुर्बीण होती, ती किती पटीची? साडेतीन! पुढचे भिंग फक्त १९ मिलिमीटरचे. भागाकार पुन्हा पाचाच्या थोडा वरच. ज्यांच्या प्राणावर बेतलेले होते त्यांनी साडेतीन पटीत लढाई केली, आणि आम्हाला भाताच्या खाचरावर चोवीस पाहिजे.

पट वाढली की आणखी एक गोष्ट हातची जाते. चार पटीत शंभर यार्डांवर सुमारे तीस फुटांची रुंदी एका नजरेत दिसते. बारा पटीत ती दहा फुटांवर येते. आपले रान काही माळवा नव्हे. करवंदीच्या जाळ्या, ऐनाची झाडी, बांधावरची निगडी. पुष्कळ ठिकाणी पन्नास यार्डांपलीकडे दिसतच नाही. अशा ठिकाणी बारा पटीतून पाहिले तर डुकराचे अर्धे अंग दिसते, आणि त्याच्या बाजूला काय आहे ते मुळीच दिसत नाही. बाजूला काय आहे, हाच तर खरा प्रश्न.

येथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण या भाषणाचे प्रयोजन हेच आहे. २०२५ च्या जानेवारीअखेर पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात गावकऱ्यांची एक टोळी रानडुकराच्या शिकारीला गेली. हालचाल दिसली, डुक्कर समजून गोळी झाडली, ती आपल्याच सोबत्याला लागली. तो मेला, आणि भीतीपोटी इतरांनी प्रेत लपविले. वर्तमानपत्रांतून हे सर्वांनी वाचले. ती शिकार बेकायदा होती, हे तर झालेच. पण परवानगीची बंदूक असली म्हणून गोळी माणूस ओळखत नाही. रायफलची गोळी जनावराला चुकली तर मैलभर सहज जाते, आणि आपल्या कोकणात मैलभरात वाडी नाही अशी जागा दाखवा पाहू!

आता दुर्बिणीचा यात दोष काय? दुर्बीण बसविली की माणूस तिच्यातूनच शोधू लागतो. तिकडे काहीतरी हालले, बघू काय आहे. म्हणून रायफल खांद्याला लावतो आणि दुर्बिणीला डोळा लावतो. म्हणजे काय झाले? जे काय आहे ते ठाऊक होण्याच्या आधीच त्याच्यावर नळी रोखली गेली. तेथे गुराखी असेल, परसाकडे गेलेली म्हातारी असेल, दुसऱ्या माळ्यावरून उतरलेला भाऊ असेल. बंदुकीवरची दुर्बीण नेमासाठी असते, शोधण्यासाठी नसते. शोधायला हातातली दुर्बीण, तीच खलाशाची, गळ्यात अडकवावी. तिने जनावर पूर्ण ओळखले, मागे मातीचा उतार आहे हे पाहिले, मग रायफल उचलावी. म्हणून आम्ही विचारणाऱ्याला सांगतो, पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर हातातली घे. माळाही उंच असावा. वरून खाली मारलेली गोळी मातीत जाते.

तरीही ज्याला बसवायची आहे त्याच्यासाठी पुढचे. स्थिर चार पटीची, किंवा बदलती हवीच तर दोनापासून सातापर्यंतची घ्यावी, आणि ती खालच्या आकड्यावर ठेवावी. भिंगांवर लेप आहे का, ते पाहण्याची सोपी युक्ती आहे. भिंगात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहा. पांढरे शुभ्र दिसले तर काच नागडी आहे. हिरवट-जांभळट आणि मंद दिसले तर लेप आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर प्रकाशाचा शेकडा चार हिस्सा परत फिरतो. आत असे दहा पृष्ठभाग असले तर तिसरा हिस्सा उजेड वाटेतच गळाला. आतली फुली जाड रेघांची असावी. केसासारखी बारीक फुली संध्याकाळी दिसेनाशी होते.

डोळा आणि दुर्बीण यांत अंतर किती सुटते, हे अवश्य मोजून घ्या. साडेतीन इंच तरी पाहिजे. .३१५ चा धक्का जबर असतो. अंतर कमी पडले तर दुर्बिणीची कड भुवईवर अर्धचंद्र उमटविते, आणि तो आयुष्यभर दिसतो. हवेच्या बंदुकीसाठी म्हणून स्वस्तात विकली जाणारी दुर्बीण या रायफलवर मुळीच लावू नये.

बैठकीकडे कोणी लक्ष देत नाही. ली-एनफील्ड घाटणीच्या रायफलीला दुर्बीण बसवायची तर पोलादाला भोके पाडावी लागतात. हे काम परवाना असलेल्या बंदूक-कारागिराकडूनच करून घ्यावे. गावच्या लेथवाल्याचा हात कितीही चांगला असो, कायद्याने ते त्याचे काम नव्हे. बैठक केसभर हलली तर शंभर यार्डांवर गोळी काही इंच सरकते.

काडतुसे परवान्यावर मोजकी मिळतात, म्हणून ती न जाळता करण्याची एक परीक्षा सांगतो. रायफल रिकामी करा, बोल्ट बाहेर काढा, रायफल शेवाच्या पोत्यांवर, म्हणजे वाळू भरलेल्या, घट्ट बसवा. पंचवीस यार्डांवर आलेखाचा कागद लावा. मागून नळीतून पाहून कागदाचा मध्य नळीच्या मधोमध आणा, मग फुली तेथे आणा. निम्मी जुळणी येथेच झाली. आता दुर्बिणीचा खटका उजवीकडे चाळीस टिचक्या फिरवा. शंभर यार्डांवर पाव इंच सरकणारी टिचकी असेल तर येथे फुली अडीच इंच सरकली पाहिजे. मग वर चाळीस, डावीकडे चाळीस, खाली चाळीस. फुली निघाली त्याच चौकटीत परत आली पाहिजे. आली नाही तर दुर्बीण परत करा आणि पावती हातात ठेवूनच बोला.

कोणी विचारील, दुर्बिणीशिवाय नेम लागतच नाही काय? १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटरच्या रायफल स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. ते कोल्हापूर जिल्ह्याचे, रेल्वेच्या नोकरीतले, म्हणजे आमच्या बिरादरीचे. त्या स्पर्धेत मोठे करून दाखविणारी दुर्बीण चालतच नाही. छोट्या भोकातून पाहायचे आणि श्वास आवरायचा. आपल्या पनवेलला अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेल्या सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. परवानाधारकांनी निदान एकदा अशा जागी जाऊन शिकवणी पाहावी. चापावर बोट कधी ठेवायचे आणि कधी ठेवायचे नाही, हे तेथे जसे शिकवतात तसे कोणतेही भिंग शिकवत नाही.

राहता राहिला आपला पावसाळा. नायट्रोजन भरून मोहोरबंद केलेली दुर्बीण घ्या, म्हणजे आतून धुके धरणार नाही. तरी बाहेरून बुरशी येतेच. आपल्या गावच्या फोटोग्राफरांना विचारा, त्यांनी किती भिंगे अशी गमावली ते. खारा वारा लागलेली दुर्बीण आधी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसावी, आणि भिंगाला धोतराचे टोक लावू नये. सोबत मिळणारी देखणी कातडी पेटी फक्त दुकानातून घरापर्यंत आणण्यापुरती. कातडे ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावी, आणि श्रावणात ऊन पडेल तेव्हा त्या पुड्या वाळवाव्या.