न्हाणीघराची दुरुस्ती आणि परवानगीचा कागद

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी मोरी-संडासाचा विषय काढते आहे, म्हणून कोणी नाके मुरडू नयेत. आपल्या वस्तीत शेजाऱ्या-शेजाऱ्यांत ज्या कुरबुरी होतात, त्यांतल्या निम्म्या तरी न्हाणीघरातून उगम पावतात, हे तुम्ही सर्वजणी जाणताच. वरच्या मजल्यावर नव्या लाद्या बसतात आणि खालच्या घरात ओल उतरते. मग बोलणे बंद होते, हळदीकुंकवाला जाणेयेणे बंद होते, आणि दोन्ही घरच्या मुलांनी जिन्यात एकमेकांकडे पाहायचे की नाही, हाही प्रश्न पडतो. शिवाय दुरुस्तीचे पैसे घरातले कोणीही देवो, गवंडी घरात आला की त्याच्याशी आठपंधरा दिवस डोके लावायचे ते आपल्यालाच. तेव्हा कोणत्या कामाला कागद लागतो आणि कोणत्या कामाला लागत नाही, हे आपल्याला पक्के ठाऊक असलेले बरे.

गवंडी आणि प्लंबर यांच्या तोंडी या बाबतीत दोनच वाक्ये असतात. "ताई, याला काही परवानगी लागत नाही," हे एक. आणि आपण जरा जोर धरला की, "परवानगी मागाल तर जन्मात मिळायची नाही," हे दुसरे. दोन्ही अर्धवट आहेत.

मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा. पुढे त्यात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण तो अजून चालू आहे. त्याच्या ३४२ व्या कलमाचा आशय असा की, उभ्या इमारतीत भर घालायची किंवा फेरफार करायचा, तर आयुक्तांना आधी कळवले पाहिजे. मात्र राहत्या घराची साधी डागडुजी त्यातून वगळली आहे, आणि डागडुजी म्हणजे काय याची यादीही तिथेच दिली आहे. ही यादी ऐकून पुष्कळजणींचा जीव भांड्यात पडेल. जमिनीच्या लाद्या बदलणे, गिलावा, रंग. संडास, न्हाणी आणि धुण्याची जागा यांची दुरुस्ती. सांडपाण्याचे नळ, तोट्या, मॅनहोल दुरुस्त करणे वा बदलणे. पाण्याच्या आणि विजेच्या जोडण्या, संडासाचे भांडे, बेसिन वगैरे नवे बसवणे, या सगळ्याला महानगरपालिकेची परवानगी लागत नाही. म्हणजे असलेले न्हाणीघर असल्या जागी नवे कोरे करून घ्यायचे, तर वॉर्ड कचेरीची पायरी चढावी लागत नाही.

पण त्याच कलमात पुढे हे डागडुजीत धरायचे नाही अशीही यादी आहे, आणि गवंडी ती सांगत नाही. लांबी, रुंदी, उंची बदलणे. भार पेलणारी भिंत किंवा इतर आधार काढणे वा बदलणे. जोते किंवा जमीन खाली घेणे. आणि माळा नव्याने घालणे किंवा वाढवणे. या माळ्याकडे विशेष लक्ष द्यावे. न्हाणीघर उंच दिसले की त्यावर माळा घालून पाण्याची टाकी आणि दिवाळीचे डबे ठेवायचे, हा आपला जुना सोस! टाकीत पाचशे लिटर पाणी भरले म्हणजे ते पाचशे किलो झाले, टाकीचे आणि डब्यांचे वजन वेगळेच.

तर कसोटी सोपी आहे. वस्तू बदलायची असेल तर डागडुजी; जागा, माप किंवा आधार बदलायचा असेल तर परवानगी. ती स्वतः अर्ज खरडून मिळत नाही. वास्तुविशारद किंवा परवानाधारक सर्व्हेअर नकाशा काढतो, आधाराला हात लागणार असेल तर बांधकाम अभियंत्याचा दाखला जोडतो, आणि त्याच्यामार्फत प्रकरण दाखल होते. खर्च आणि वेळ दोन्ही लागतात, हे मी लपवीत नाही. पण बिनपरवाना काम चालू असल्याची तक्रार गेली, तर ३५४-अ कलमाखाली काम थांबवण्याची नोटीस येते आणि चोवीस तासांत परवानगी दाखवावी लागते. त्या वेळी न्हाणीघर अर्धे फोडलेले असते आणि गवंडी दुसऱ्या कामावर गेलेला असतो.

ज्यांच्या लेकी-सुना पुण्यानाशकाला आहेत, त्यांच्यासाठी एवढेच सांगते की, मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला २०२० सालची एकत्रित नियमावली लागू आहे. तिच्यातही लाद्या, गिलावा, रंग अशी कामे परवानगीतून मोकळी ठेवली आहेत. पण इमारतीच्या मजबुतीला धक्का लागता कामा नये, ही अट आहेच.

आता एका घरची हकीगत सांगते. नाव-गाव कोणी विचारू नये. घरात सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. गुडघे धरलेले; बसायच्या भांड्यावरून उठताना दर वेळी सुनेला हाक. रात्री हाक मारायची लाज वाटे, म्हणून त्या संध्याकाळपासून पाणीच पीत नसत. भगिनींनो, अशा किती सासवा आणि किती आया आपल्या आसपास आहेत, हे आपण मोजलेले नाही. मुलाने ठरवले की मागच्या खोलीचा कोपरा अडवून आईसाठी वेगळे न्हाणीघर करावे, आत कमोड बसवावा. हेतू सोन्यासारखा. पण त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली दुसऱ्या बिऱ्हाडाचे स्वयंपाकघर आणि त्यात देवघर. खालच्या बाईंनी जिन्यातच आवाज चढवला. वरच्यांना वाटले, म्हातारीच्या हालांची यांना कीव नाही. खालच्यांना वाटले, आमच्या देवांवर संडास आणतात.

दोन्ही घरची माणसे चांगली होती. पण याचा विचार बांधकामाच्या नियमांनी आधीच करून ठेवला आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत असे आहे की, संडास किंवा न्हाणी ही खालच्या संडास, न्हाणी, धुण्याची जागा किंवा गच्ची यांच्यावरच असावी. दुसऱ्या कोणत्या खोलीवर येत असेल, तर तिची जमीन पाणी न झिरपणारी असली पाहिजे. निदान एक भिंत बाहेरच्या हवेला लागून असावी, आणि जमिनीचा उतार नळाकडे असावा, खोलीकडे नव्हे. एकाच्या घरची जमीन ही दुसऱ्याच्या घरचे छप्पर असते, एवढेच त्या नियमाच्या पोटात आहे.

यापेक्षाही मोठी अडचण वजनाची होती. न्हाणीघरापुरता स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्या खोलगट भागात नळ बसवून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. राहत्या खोलीचा स्लॅब तसा नसतो. तिथे न्हाणीघर करायचे तर नळाला उतार मिळावा म्हणून जमीनच वर उचलावी लागते. एक फूट भराव धरला, तर कोब्याचे वजन दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास होते. राहत्या खोलीची जमीन माणसे आणि सामानसुमान यांचा भार दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो धरून आखलेली असते. आता हिशेब तुम्हीच करा. चारपाच खंडी धान्य खोलीच्या कोपऱ्यात कायमचे रचून ठेवायला कोणी धजेल काय?

तिसरी गोष्ट नळांची. आपल्या जुन्या इमारतींच्या मागे दोन उभे नळ दिसतात. संडासाचा मैला एका नळाने थेट चेंबरात जातो. न्हाणी आणि स्वयंपाकघर यांचे सांडपाणी दुसऱ्याने खाली गल्लीतल्या ट्रॅपमध्ये पडते आणि मग चेंबरात जाते. मोरीच्या जागी संडास केला आणि प्लंबरने तो जवळचा म्हणून सांडपाण्याच्या नळाला जोडून दिला, तर मैला तळमजल्याच्या खिडकीखालच्या उघड्या ट्रॅपमध्ये उतरतो. वरच्या घरी काही कळत नाही. तळमजल्यावरची पोरे मात्र आजारी पडतात. म्हणून प्लंबर परवानाधारक असावा, आणि तो कोणता नळ कोणत्या नळाला जोडतो आहे ते त्याच्याकडून कागदावर काढून घ्यावे. (जाता जाता सांगते: जमिनीतल्या जाळीखालच्या ट्रॅपला आपल्याकडचे अभियंते पुस्तकातसुद्धा 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या नहाणीने इंग्रजी पुस्तकात जागा पटकावली, याचे मला फार कौतुक वाटते.)

शेवटी त्या घरी काय झाले? जुन्याच संडासात बसायचे भांडे काढून कमोड बसवला. भांडे काढले की खालचा पाणी अडवणारा थर फुटतोच, म्हणून तो सगळा नव्याने केला. उंबरा काढून सपाट केला, भिंतीला धरायला दांडे बसवले आणि दार बाहेर उघडणारे केले. हे दाराचे तेवढे लक्षात ठेवा. म्हातारे माणूस आत दारापाशी पडले, तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. या एकाही कामाला महानगरपालिकेचा कागद लागला नाही. सोसायटीला एक पत्र दिले आणि खालच्या बाईंना आधी घरी बोलावून दाखवले. सासूबाई आता रात्री पाणी पितात.

सोसायटीच्या पत्राची बाब निराळी आहे. महानगरपालिकेने डागडुजी मोकळी सोडली म्हणून सोसायटीला विचारायचे नाही, असे होत नाही. उपविधींप्रमाणे गाळ्यात फेरफार करण्याआधी समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि आगाऊ सूचना देऊन गाळा पाहण्याचा अधिकारही सोसायटीला आहे. सचिव मुद्दाम अडवतात, अशी तक्रार मी ऐकते. काही अडवतातही, पण पुष्कळदा 'बाथरूमचे काम करणार आहोत' एवढ्या एका ओळीच्या पत्रावर त्यांनी तरी काय उत्तर द्यावे? गळतीचा खर्च कोणाचा, हा वाद तर नेहमीचा. बाहेरच्या सामाईक नळाची किंवा पावसाची गळती सोसायटीची. घरातल्या संडास, सिंक वगैरेंची गळती त्या-त्या सभासदाची. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल, तर तिच्या मजबुतीची तपासणी झालेली असली पाहिजे. तो अहवाल सचिवांकडे मागा आणि वाचा. आपल्या न्हाणीघराखालच्या स्लॅबविषयी त्यात काय म्हटले आहे, ते हातोडा पडण्याआधी कळलेले बरे. उपकरप्राप्त इमारतीत राहणाऱ्यांनी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडेही चौकशी करावी.

हातोड्याचा विषय निघाला म्हणून सांगते. हल्ली सगळ्यांना नळ भिंतीत गाडलेले हवे असतात. त्यासाठी भिंतीला खाचा पाडतात. विटांच्या भिंतीत बेताची खाच चालते. खांबाला आणि तुळईला मात्र छिन्नी लावू देऊ नका. आणि ज्या जुन्या इमारतींत सिमेंटचे खांबच नाहीत, तिथे भिंत हाच खांब असतो. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला एक चार मजली राहती इमारत कोसळली आणि सतरा माणसे गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलात आधाराला धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता. ते काम न्हाणीघराचे नव्हते. पण वर झोपलेल्या माणसांना खाली काय तोडले जाते आहे याचा पत्ता नसतो, ही गोष्ट तीच आहे.

खालच्या बिऱ्हाडाची परवानगी घ्या असे कोणत्याही कायद्यात मी वाचलेले नाही. तरी ती घ्यावी असे मी म्हणते. काम सुरू करण्याआधी खाली जाऊन त्यांचे छत त्यांच्याबरोबर पाहा; आधीची ओल, आधीची भेग यांचे फोटो दोघींनी काढून ठेवा. पाणी अडवणारा थर झाला की लाद्या बसवण्याआधी नळाचे तोंड बंद करून न्हाणीत चार बोटे पाणी भरा आणि निदान दोन दिवस तसेच राहू द्या. गवंडी घाई करील, त्याला करू द्यावी. तिसऱ्या दिवशी खालच्या बाईंना विचारा. छत कोरडे असेल तर त्याच तुमच्या बाजूच्या साक्षीदार झाल्या. आणि राबिट जिन्यात किंवा रस्त्याच्या कडेला टाकू नका; वॉर्ड कचेरीत चौकशी करून पैसे भरले की ते उचलून नेण्याची सोय होते.

आता भाड्याच्या घरात राहणाऱ्या भगिनींसाठी. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे घर नीट ठेवणे हे मालकाचे काम आहे. त्याने टाळाटाळ केली, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरूला दुरुस्ती करता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण वर्षाला त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जुन्या भाड्यांचा विचार करता एवढ्यात एक तोटीही येणार नाही, ही गोष्ट वेगळी. नव्या बांधकामाबाबत मात्र फार जपावे. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचे बांधकाम केले, तर तो घर खाली करून मागू शकतो. लाकडी पडदी, स्वयंपाकाचा उभा ओटा, हवेसाठी खिडकी, अशा काही गोष्टी कायद्याने कायमच्या बांधकामातून वगळल्या आहेत. ओट्याची आठवण कायदा करणाऱ्यांना राहिली, न्हाणीची राहिली नाही! तेव्हा भाडेकरूने मालकाची सही घेतल्याशिवाय नव्या न्हाणीची एक वीटही रचू नये.

पत्र कसे लिहावे, हे राहिलेच. त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. काय काढणार आणि काय बसवणार. भिंत, माप आणि नळाची जागा बदलणार नाही, किंवा बदलणार असल्यास अभियंत्याचे नाव. काम किती दिवस आणि दिवसाच्या कोणत्या वेळात. आणि राबिट कोठे जाणार. सोबत वहीच्या पानावर हाताने काढलेला न्हाणीघराचा आराखडा असला तरी पुरे, फक्त मापे टेपने घ्यावीत, अंदाजाने नकोत. दोन प्रती कराव्यात आणि एकीवर पोच घ्यावी. तशा पत्राचा एक कोरा मसुदा मी आज बरोबर आणला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी चहा झाल्यावर माझ्याकडून उतरवून घ्यावा. प्रती थोड्या आहेत, म्हणून ज्यांच्याकडे गवंडी ठरलेला आहे त्यांनी आधी यावे.