स्पॅनिश स्वयंपाकघरातले शब्द

स्पॅनिश शिकणाऱ्याला पाणी, पाव, मीठ, दूध हे शब्द लवकर येतात. पंचाईत होते ती पुढे. वीसएक देशांची ही भाषा; एकच शब्द एका मुलखात एक वस्तू दाखवतो, दुसऱ्या मुलखात भलतीच.

'मान्तेका' घ्या. अर्जेंटिनात मान्तेका म्हणजे लोणी. मेक्सिकोत किंवा खुद्द स्पेनमध्ये हाच शब्द उच्चाराल, तर पुढ्यात येईल डुकराची चरबी! लोण्याला तिकडे 'मान्तेकिया' म्हणतात. मेक्सिकोत घेवड्याचे दाणे शिजवून, ठेचून पुष्कळदा याच चरबीत परततात. ताट दिसायला अगदी शाकाहारी, बरं का. आपल्याकडचा माळकरी तिथे गेला, तर 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढ्याने त्याचे भागणार नाही. 'सिन मान्तेका' हेही सांगावे लागेल. शिवाय 'कार्ने' म्हटले की पुष्कळांच्या मनात गुराडुकराचेच मांस येते. मासळी त्यातून निसटते. तिचे नाव वेगळे घ्यावे : 'सिन पेस्कादो'.

'तोर्तिया' म्हणजे स्पेनमध्ये अंडी-बटाट्याचे जाडसर धिरडे, आणि मेक्सिकोत मक्याची पातळ भाकरी. तिच्यासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात, मग वाटतात. वाटायचा दगडी पाटा तो 'मेताते', वरवंटा तो 'मानो', म्हणजे हात. आणि तवा तो 'कोमाल'. मेताते, कोमाल आणि तोमाते हे शब्द स्पॅनिशने तिथल्या नाहुआत्ल भाषेतून उचलले. बटाटा स्पेनमध्ये 'पाताता', तर अमेरिका खंडातल्या देशांत 'पापा'. आपला बटाटा हा शब्द आला पोर्तुगीजांकडून, तेव्हा पाताता ऐकताना कान फारसे बिचकत नाहीत. वहीत शब्द उतरवताना शेजारी देशाचे नाव घालावे, हे बरे.

शिक्षकबंधूंना माझे सांगणे असे की, नामांच्या याद्या घोकवण्याआधी क्रियापदे द्या. एर्विर म्हणजे उकळणे, असार भाजणे, अमासार मळणे, मोलेर दळणे, फ्रेइर तळणे. ही बहुतेक सगळीकडे चालतात. रूपे मात्र वाकडी आहेत. मोलेरचे 'मुएलो', मी दळतो. फ्रेइरचे 'फ्रीओ', मी तळतो. आणि गंमत म्हणजे 'फ्रीओ'चाच दुसरा अर्थ थंड!

एका बाबतीत मराठी मुलाला इंग्रजीच्या वाटेने नेऊच नये. इंग्रजीत गरम आणि तिखट यांना बोलताना एकच शब्द वापरतात. स्पॅनिशमध्ये गरम ते 'कालिएन्ते', तिखट ते 'पिकान्ते'. अगदी आपल्यासारखे वेगवेगळे. तसेच 'वेर्दे'चे. 'एस वेर्दे' म्हणजे रंगाने हिरवे, 'एस्ता वेर्दे' म्हणजे फळ अजून कच्चे आहे. वर्गात एक कैरी आणि एक हिरवी मिरची न्यावी. पहिलीपुढे 'एस्ता', दुसरीपुढे 'एस'.